जिन्याखालची फटफटी

गिरगावातल्या जुन्या चाळींच्या जिन्याखाली काय काय ठेवलेलं असे, याची यादी करायला बसलं तर मोठी गंमत होईल. पाण्याची जुनी पिंपं, गणपतीच्या मखराचे बांबू, कुणाच्या तरी लग्नातला मोडका पलंग, भाडेकरूंच्या दोन-चार सायकली आणि चाळ जरा हौशी असेल तर ताडपत्रीखाली झाकलेली एक फटफटी. हो, फटफटीच. मोटरसायकल हा शब्द आमच्याकडे कागदपत्रांपुरता होता. ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीतल्या जिन्याखाली अशी एक फटफटी गेली चाळीसेक वर्षं उभी आहे. ती माझी. १९७६ सालची बुलेट. मी ती १९८४ साली दुसऱ्याकडून घेतली, आणि आजही ती रोज नाही, तरी आठवड्यातून दोनदा तरी बाहेर निघते.

मोटरसायकल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वेग येतो. मला मात्र आधी आठवतं ते वाट पाहणं. गाडी मिळण्याची वाट, सुटा भाग मिळण्याची वाट, मिस्त्री मोकळा होण्याची वाट आणि घाटात कुणीतरी थांबेल याची वाट. आपल्याकडच्या मोटरसायकलचा इतिहास या वाट पाहण्यातून घडला आणि आपल्याकडचा मोटरसायकलस्वारही त्यातूनच तयार झाला, असं माझं मत आहे. ते कसं, हे आज थोडक्यात सांगायचा प्रयत्न करतो.

स्वातंत्र्यापूर्वी मुंबईत मोटरसायकल असायची ती गोऱ्या साहेबाकडे, पोलीस सार्जंटकडे किंवा एखाद्या शौकीन पारशी तरुणाकडे. बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फ, एरियल, मॅचलेस ही सगळी नावं इंग्लंडमधली. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेल्या गाड्या विक्रीला निघाल्या, तेव्हा त्यातल्या काही साध्या माणसांच्या हाती आल्या. म्हणजे आपली सुरुवातच मुळी दुसऱ्याने वापरून टाकलेल्या गाडीने झाली. हे लक्षात ठेवावं, कारण पुढची गोष्टही बरीचशी तशीच आहे.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या लष्कराला दणकट मोटरसायकल हवी होती. निवड झाली ती रॉयल एनफिल्ड कंपनीच्या ३५० सीसी बुलेटची. ही कंपनी इंग्लंडमधल्या रेडिच गावची. मद्रास मोटर्स या कंपनीमार्फत बुलेट मागवल्या गेल्या. १९५५ साली दोघांनी मिळून एनफिल्ड इंडिया ही कंपनी काढली आणि पुढच्या वर्षी मद्रासजवळ तिरुवोट्टियूर इथे कारखाना सुरू झाला. सुरुवातीला सगळे भाग इंग्लंडहून यायचे आणि इथे फक्त जोडले जायचे. हळूहळू गाडी इथेच बनू लागली. तिकडे इंग्लंडमध्ये मोटारगाड्या सामान्य माणसाच्या आवाक्यात आल्या, पाठोपाठ जपानी मोटरसायकली आल्या आणि १९७० साली मूळ इंग्लिश कंपनीने गाशा गुंडाळला. आई गेली, पण परदेशी दिलेली लेक इथे नांदत राहिली. १९७७ पासून तर मद्रासच्या बुलेट उलट इंग्लंडला जाऊ लागल्या. १९९४ साली ती कंपनी आयशर समूहाकडे गेली, आणि बुलेट आजही बनते.

जावाचं तसंच. प्रागच्या यानेचेक नावाच्या उद्योजकाने १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटरसायकलचा व्यवसाय घेतला आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून ‘जावा’ हे नाव केलं. आपल्याकडे रुस्तुम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा ही कंपनी काढली आणि १९६१ पासून तिथे जावा तयार होऊ लागल्या. सत्तरच्या दशकात तिचंच नाव येझदी झालं. किक मारायचा आणि गिअर टाकायचा दांडा एकच, ही या गाडीची खासियत. नवखा माणूस ती चालवायला घेई तेव्हा आम्ही पोरं नाक्यावर उभे राहून मजा बघत असू. झेक कारखाना पुढच्या मॉडेलांकडे वळला, पण म्हैसूरला मूळ धाटणीचं इंजिन १९९६ साली कारखाना बंद पडेपर्यंत चालू राहिलं.

एस्कॉर्ट्‌स कंपनीची राजदूत मूळची पोलंडची. तिथे एसएचएल नावाने निघालेलं १७५ सीसीचं ते मॉडेल फार काळ टिकलं नाही. आपल्याकडे मात्र दूधवाल्यांनी, तलाठ्यांनी, ग्रामसेवकांनी राजदूतवर अख्खं आयुष्य काढलं. १९७३च्या ‘बॉबी’ चित्रपटात ऋषी कपूर आणि डिंपल ज्या छोट्या मोटरसायकलवर दिसले, तीही राजदूतचीच. स्कूटरचंही तेच. आमच्या मुंबईत भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्‌स ऑफ इंडिया या कंपनीत लॅम्ब्रेटा तयार होत. मिलानच्या इनोसेंटी कंपनीने लॅम्ब्रेटाचं उत्पादन थांबवलं, तेव्हा तिथली यंत्रसामग्री भारत सरकारने विकत घेतली आणि १९७२ साली लखनौला स्कूटर्स इंडियाची स्थापना झाली. जगाने ज्या गाड्यांना निरोप दिला, त्या आपल्याकडे संसाराला लागल्या.

असं का झालं? लायसन्स-परमिटच्या काळात कुठल्या कारखान्याने वर्षाला किती गाड्या बनवायच्या, हे सरकार ठरवी. बाहेरून गाडी आणणं जवळजवळ अशक्य. नवीन मॉडेल काढायचं तर परदेशी तंत्रज्ञान हवं, त्यासाठी परकीय चलन हवं, आणि त्याची तर देशालाच चणचण. त्यामुळे एकदा आणलेलं मॉडेलच वर्षानुवर्षं चालवायचं आणि तेही मोजक्या संख्येत. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी आठ-आठ, दहा-दहा वर्षांची प्रतीक्षायादी होती, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. आमच्या गिरगावात लग्नाच्या बोलण्यांत ‘मुलाने स्कूटरला नंबर लावला आहे’ हे वाक्य सहज येऊन जाई. नंबर लागायच्या आत मुलाची मुलं शाळेत जाऊ लागत.

जी वस्तू मिळायला दहा वर्षं लागतात, ती माणूस टाकून देत नाही, दुरुस्त करतो. या एका गोष्टीतून आपल्याकडे मिस्त्री नावाची संस्था उभी राहिली. तिची नोंद कुठल्या इतिहासाच्या पुस्तकात सापडत नाही.

आमचे मिस्त्री गिरगावातल्याच एका बोळात, दोन इमारतींच्या मधल्या सहा फूट जागेत बसत. शिक्षण चौथीपर्यंत. इंग्रजी मॅन्युअल त्यांना वाचता येत नव्हतं, पण गाडी बोळाच्या तोंडाशी आली की आवाजावरून ते आतूनच सांगत, ‘टॅपेट वाजतायत, लावून टाक बाजूला.’ बुलेटचे कॉन्टॅक्ट पॉइंट किती उघडायला हवेत याचं माप पुस्तकात इंचाच्या हजाराव्या भागात दिलेलं असतं. मिस्त्री ते सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्याने लावत आणि गाडी पहिल्या किकेला सुरू होई. पिस्टन झिजला की सिलिंडर बोअर करून किंचित मोठा पिस्टन घालायचा, तोही झिजला की त्याहून मोठा. भाग मिळत नसला तर सी. पी. टँक, गोल देऊळ, नळबाजार असं चालत चोरबाजार गाठायचा. तिथे पसरलेल्या लोखंडात मिस्त्री एखाद्या भाजीवालीपुढे बसल्यासारखे उकिडवे बसत आणि हवा तो दातेरी गिअर बोटाने चाचपून काढत. घासाघीस तासभर चाले. भाग पाच रुपयांचा, पण गाडी त्यावाचून महिनाभर उभी असे.

मिस्त्रींनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ‘साहेब, गाडी मी दुरुस्त करीन, पण बघायला तुम्ही उभं राहायचं. रस्त्यात मी नसणार आहे.’ त्यामुळे प्लग काढून घासायला, क्लचची वायर बदलायला, चेन सैल-घट्ट करायला मी त्यांच्याकडे शिकलो. माझ्या पिढीतल्या जवळजवळ प्रत्येक स्वाराची हीच शाळा. आम्ही कारकून, शिक्षक, छापखान्यातली माणसं. एरवी हाताला ग्रीस लागण्याचा संबंध नाही. पण रविवारी सकाळी चाळीच्या अंगणात हाफ पँटवर बसून कार्बोरेटर रॉकेलमध्ये धुणारे बाप त्या काळात पुष्कळ दिसत.

बुलेट सुरू करणं हा एक विधीच होता. आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा. मग चावी फिरवून ॲमीटरकडे बघत, काटा मध्ये येईपर्यंत किक हलकेच दाबायची. डिकॉम्प्रेसर ओढून आणखी इंचभर दाबायची, मग पाय वर घेऊन एकच जोरदार किक. चुकलात तर गाडी उलटी किक मारते आणि पोटरी आठवडाभर ठणकते. शिवाय गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. दुसऱ्या कुठल्याही गाडीची सवय असलेला माणूस बुलेटवर बसला की आधी गोंधळणार हे ठरलेलं. म्हणून बुलेट कुणी उसनी मागत नसे, हा एक फायदा.

आता चाळ म्हटली की एकाच्या हौसेचा आवाज चाळीस घरांत जाणार. पहाटे साडेपाचला मला निघायचं असलं की मी गाडी ढकलत ठाकूरद्वारच्या नाक्यापर्यंत नेई आणि मगच किक मारी. तरीही तळमजल्यावरच्या काकू दूध घ्यायला उठलेल्या असत. ‘काय रे, आज पुण्याला का दादरला?’ असं विचारत. दादर म्हटलं की म्हणत, ‘मग एवढं लवकर कशाला? त्या यंत्राला विश्रांती दे जरा.’ पण त्यांच्याच यजमानांना एका रात्री छातीत दुखू लागलं, टॅक्सी मिळेना, तेव्हा मागे एकाने धरून बसवून आम्ही त्यांना याच यंत्रावरून रुग्णालयात नेलं. त्यानंतर काकूंनी दर दसऱ्याला माझ्या बुलेटला झेंडूची माळ घातली, अगदी शेवटपर्यंत.

माझी नोकरी परळला छापखान्यात होती. तीस वर्षं ठाकूरद्वार ते परळ हा माझा रोजचा प्रवास. त्यात साहस काय, असं कुणी विचारील. पावसाळ्यात हिंदमात्याला उभं राहून बघावं. गुडघाभर पाण्यातून मोटरसायकल न्यायची तर पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर न सोडता, संथ लयीत न्यावी लागते. धूर बाहेर टाकायच्या नळीचं तोंड पाण्याखाली असताना इंजिन बंद पडलं, तर पाणी नळीतून आत शिरायला वेळ लागत नाही. आणि एकदा का सिलिंडरमध्ये पाणी गेलं की किक मारायची नसते. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. जबरदस्ती केली तर आतला कनेक्टिंग रॉडच वाकतो. प्लग काढून पाणी बाहेर काढायचं, वाळवायचं आणि मगच पुढचं. दर पावसाळ्यात हिंदमात्याला अशा बंद पडलेल्या गाड्यांची रांग लागे आणि एकमेकांना नाव-गाव न विचारता लोक प्लगचा पाना पुढे करत. त्या रांगेत जोडलेले दोन मित्र मला आजही आहेत.

१९८० नंतर चित्र बदललं. सरकारने परदेशी कंपन्यांशी सहकार्याला वाट मोकळी केली आणि दोन-तीन वर्षांत जपान दारात आला. १९८४ साली इंड-सुझुकी, १९८५ साली हिरो होंडा आणि यामाहा आरएक्स १००, १९८६ साली कावासाकी बजाज. सगळ्या १०० सीसीच्या, हलक्या, पहिल्या किकेला सुरू होणाऱ्या. हिरो होंडाची तर लिटरला ऐंशी किलोमीटरची जाहिरात. आमची बुलेट तीस-पस्तीसवर खूश. मिस्त्री पहिल्यांदा हिरो होंडा उघडून बघत होते तेव्हाचा त्यांचा चेहरा मला आठवतो. ते म्हणाले, ‘गाडी चांगली आहे. इतकी चांगली आहे की माझं काम उरणार नाही.’ २०००च्या आसपास धुराचे निकष कडक झाले, तशा ऑइल जाळणाऱ्या टू-स्ट्रोक मोटरसायकली एकामागोमाग एक बंद होत गेल्या. २००१ साली पुण्याच्या बजाजने पल्सर आणली आणि आपल्याच मातीत आखलेली दमदार मोटरसायकल तरुणांना मिळाली. वाट पाहण्याचा काळ संपला. दुकानात जा, पैसे भरा, गाडी घेऊन या.

हे चांगलंच झालं. आमच्या वेळी असं होतं म्हणून ते थोर, असं मी म्हणणार नाही. पण या बदलाने नेमकं काय बदललं, ते मला एका प्रवासात कळलं.

१९९४च्या जुलैत आम्ही तिघे मित्र लडाखला निघालो. लडाख पर्यटकांना १९७४ साली खुलं झालं होतं, मनाली-लेह रस्ता १९८९ साली. माझी बुलेट, दुसऱ्याची येझदी आणि तिसऱ्याची हिरो होंडा. बॉम्बे सेंट्रलला टाक्या रिकाम्या करून, गोणपाटात शिवून गाड्या रेल्वेने पार्सल केल्या आणि दिल्लीपासून पुढे चालवत गेलो. रोहतांगनंतर, केलाँगच्या अलीकडे तांडी गावाला पेट्रोल पंप आहे. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, अशी तिथली पाटी प्रसिद्ध आहे. बुलेटच्या टाकीत साधारण साडेचौदा लिटर मावतं. सपाटीवर ते पुरेल, घाटात पुरत नाही, म्हणून प्रत्येकाच्या मागे प्लास्टिकचा कॅन बांधलेला.

बारालाचा ला ही खिंड सोळा हजार फुटांच्या वर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याच्या जवळपास येतो. माणूस धापा टाकतो, तशी गाडीही टाकते. हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच, त्यामुळे प्लग काळा पडतो आणि ताकद जाते. बुलेट आणि येझदी वीस-वीस मिनिटांनी थांबत होत्या. प्लग साफ कर, हवेच्या फिल्टरचं झाकण सैल कर, पुन्हा चाल. खिंड उतरताना माझ्या क्लचची वायर तुटली. जादा वायर आधीच वापरून झाली होती. अंधार पडत आलेला. अर्ध्या तासाने एक ट्रक आला. पंजाबी सरदारजी ड्रायव्हर. काही न विचारता त्याने ट्रकच्या दिव्याच्या वायरिंगमधला छोटा पितळी कनेक्टर काढला, तुटलेल्या तारेच्या टोकाला लावला आणि पेचकसाने कसला. ‘लेहपर्यंत चालेल,’ असं त्याने हिंदीत सांगितलं. ती वायर मी ठाकूरद्वारपर्यंत आणली.

लेहच्या पुढे खारदुंग ला. त्या काळी तिथल्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असे. पुढे नीट मोजणी झाली तेव्हा उंची १७,५८२ फूट निघाली. आठशे फुटांनी माझा पराक्रम कमी झाला, पण त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते वेगळंच. परत आल्यावर आम्ही तिघे आठवणी सांगायला बसलो. सरदारजी मला आठवत होता. येझदीवाल्याला सरचूच्या तंबूतल्या म्हातारीने दिलेला चहा आणि प्लग गरम करायला दिलेला स्टोव्ह आठवत होता. हिरो होंडावाला गप्प होता. त्याची गाडी कुठेच बंद पडली नव्हती. डोंगर त्याने आमच्याइतकेच पाहिले होते, पण माणसं त्याला फारशी भेटलीच नव्हती.

मोटरसायकलस्वार एकटा निघतो, तरी त्याचा प्रवास इतरांच्या हातांवर चाललेला असतो. ही परंपरा मुंबईत फार जुनी आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यातले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटर फिरून १९२८ साली परतले. वाळवंटं, जंगलं, बर्फ ओलांडताना वाटेतल्या अनोळखी गावांनी त्यांना जगवलं. १९३२ साली रॉबर्ट फुल्टन हा अमेरिकन तरुण लंडनहून डग्लस मोटरसायकलवर निघाला आणि भारत ओलांडून टोकियोकडे गेला. १९७३ ते १९७७ या काळात टेड सायमन हा इंग्रज पत्रकार ट्रायम्फवर जग फिरला, त्याच्या वाटेतही भारत होता. मग आपली माणसं निघाली. मार्च २०२३मध्ये रमिला लटपटे ही मराठी तरुणी नऊवारी नेसून गेटवे ऑफ इंडियापासून मोटरसायकलवर जगप्रवासाला निघाली. पुण्यात उर्वशी पाटोळे आणि फिरदौस शेख यांनी २०११ साली ‘बायकर्नी’ ही स्त्री मोटरसायकलस्वारांची संघटना सुरू केली, तेव्हा अशा मुलींना कुतूहलाने बघितलं जाई. आज गिरगावच्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नथ घालून, फेटा बांधून बुलेट चालवणाऱ्या मुली नसतील, तर पाडवा झाल्यासारखा वाटत नाही. त्यात माझी पुतणीही असते. उलट्या किकेची भीती तिला माहीत नाही. तिची बुलेट बटणावर सुरू होते आणि गिअर डाव्या पायात आहे.

अगदी अलीकडची गोष्ट मुंबईच्या योगेश आळेकरी या तरुणाची. १ मे २०२५ रोजी तो मुंबईहून निघाला, सतरा देश आणि सुमारे २४ हजार किलोमीटर पार करून इंग्लंडला पोचला. ३१ ऑगस्टला नॉटिंगहॅममध्ये एका उद्यानापाशी उभी केलेली त्याची मोटरसायकल चोरीला गेली. गाडीबरोबर पासपोर्ट, कागदपत्रं, सामान, सगळं गेलं. घरापासून इतक्या दूर, हातात फक्त हेल्मेट, अशी अवस्था. बातमी पसरली आणि तिथल्या मोटरसायकलवाल्यांनी धाव घेतली. जवळच्या मॅन्सफिल्ड गावातल्या एका दुकानाने त्याच मॉडेलची गाडी त्याला देऊन टाकली. ज्या देशातून आपली बुलेट आली, त्या देशात आपल्या मुलाला हे देणारी माणसं भेटली. माझ्या सरदारजीचंच हे दुसरं रूप.

आता आजचं थोडं. ठाकूरद्वारहून पाच मिनिटांवर मरीन ड्राइव्ह. तिथून निघणारा सागरी किनारा रस्ता २०२४ साली खुला झाला, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर बंदी, अटल सेतूवर बंदी, पुण्याच्या द्रुतगती मार्गावर बंदी. सुरक्षिततेची कारणं आहेत, ती मला मान्य आहेत. हेल्मेटची सक्ती मागे बसणाऱ्यालाही लागू झाली, तेही योग्यच. पण परिणाम असा की नवे रस्ते मोटारींचे आणि जुने रस्ते आमचे. मला त्यात फार दुःख नाही. द्रुतगती मार्गाने पुण्याला जाणाऱ्याला बोरघाटातला शिंग्रोबा भेटत नाही. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते देऊळ, अशी आख्यायिका आहे. जुन्या रस्त्याने जाणारा प्रत्येक दुचाकीवाला तिथे क्षणभर वेग कमी करतो, नाणं टाकतो. वाट दाखवणाऱ्याचे उपकार मानण्याची ही रीत मला आवडते.

दुःख आहे ते दुसऱ्याच गोष्टीचं. ऑक्टोबर २०२५मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत धावू लागली आणि गिरगावच्या पोटात स्टेशन झालं. सोय मोठी झाली. वर मात्र चाळी एकेक करून पाडल्या जात आहेत. आमच्याही चाळीच्या पुनर्विकासाचे कागद फिरत आहेत. ज्या बोळात मिस्त्री बसत, तो बोळच आता उरलेला नाही. मिस्त्री गेले, त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. नव्या मोटरसायकलला काही झालं की तिला संगणकाची वायर जोडतात आणि तो दोष सांगतो. तो अचूक सांगतो, पण रस्त्यात भेटलेल्या ट्रक ड्रायव्हरकडे तो संगणक नसतो. जुन्या गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी आणि पर्यावरण कर आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर त्यासाठी बनलेले नव्हते. माझी बुलेट पन्नाशीत आली. २०२१च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते, पण मग ती रोज रस्त्यावर आणायची नाही. म्हणजे मान मिळणार आणि फिरणं बंद होणार. घरातल्या म्हाताऱ्यांचंही आपण असंच करतो की काय, अशी शंका मला येते. मी ती नोंदणी करणार नाही.

गाड्या टिकतील. श्रीमंत संग्राहक त्या चकचकीत करून काचेमागे ठेवतील. टिकणार नाही ती सिगारेटच्या पुठ्ठ्याने पॉइंट लावण्याची विद्या. ती कुणी लिहून ठेवलेली नाही आणि ज्यांच्या हातात ती होती, ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत. परळ, लालबाग, दादर, गिरगाव इथल्या प्रत्येक गल्लीत असा एखादा मिस्त्री अजून सापडेल. तुमच्या आसपास कुणी असेल, तर एखाद्या रविवारी त्यांच्यापाशी बसा. कुठल्या गाडीपासून शिकलात, कुणाकडे शिकलात, भाग मिळत नसे तेव्हा काय करत होतात, हे विचारा आणि ते सांगतील तसं वहीत उतरवून घ्या. आजकाल फोनमध्ये आवाजही साठवता येतो, तोही साठवा. आमच्या मिस्त्रींचा आवाज माझ्याकडे नाही. त्यांनी हाताने काढलेली बुलेटच्या वायरिंगची एक आकृती तेवढी आहे, वाण्याच्या पुडीच्या कागदावर. पुतणीला ती समजावून देण्याचं काम सध्या रविवारी सकाळी, जिन्याखाली चालू आहे. लाल वायर कुठे जाते, ते तिला आता पाठ झालं आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)